एकाच मोसमात युरोपचे दोन चॅम्पियन! हे झालं कसं?

युरोपात नवी बास्केटबॉल लीग काढण्याचा विचार सुरू असल्याचं एनबीए आणि जागतिक संघटना 'फिबा' यांनी मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं. पण तिथे युरोलीग आधीपासून आहे. मग दोन लीग झाल्या तर? २०००-०१ मध्ये नेमकं हेच घडलं होतं.

तोवर क्लबची मुख्य स्पर्धा फिबा भरवायची. मोठ्या क्लबना टीव्हीच्या पैशात आणि कारभारात जास्त वाटा हवा होता. त्यांनी 'युलेब' या संघटनेसोबत वेगळी चूल मांडली. गंमत म्हणजे 'युरोलीग' नावाचा ट्रेडमार्क फिबाने घेतलाच नव्हता! युलेबने तेच नाव उचललं. फिबाने आपल्या स्पर्धेला 'सुप्रोलीग' म्हटलं.

रिआल माद्रिद, बार्सिलोना युलेबकडे गेले. पॅनाथिनायकोस, मकाबी तेल अविव फिबाकडे राहिले. मे २००१ मध्ये युरोलीग जिंकली इटलीच्या किंडर बोलोन्याने, सुप्रोलीग मकाबीने. हे दोघे एकमेकांशी खेळलेच नाहीत. त्यामुळे खरा चॅम्पियन कोण, हे ठरलंच नाही.

पुढच्याच मोसमात मोठे क्लब पुन्हा एकत्र आले, तेही युलेबच्या युरोलीगमध्ये. कारण चाहत्यांना दोन करंडक नकोत, सर्वोत्तम संघांची टक्कर हवी असते. नव्या लीगलाही याच कसोटीवर उतरावं लागेल.