थोडी रेस वाढवून द्या!

गाडी सिग्नलला बंद पडायला लागली की आपण गॅरेजमध्ये जाऊन एक वाक्य हमखास टाकतो. "जरा थोडी रेस वाढवून द्या." मेकॅनिकही पाच मिनिटांत कुठलातरी स्क्रू पिळतो, इंजिनाचा आवाज चढतो, आपण खूश होऊन घरी. मंडळी, माझी तक्रार या वाक्याविरुद्ध आहे. एकेकाळी ते बरोबर होतं. आज ते चुकीचं आहे, आणि कधीकधी धोक्याचंही.

आधी आयडल म्हणजे काय ते बघू. अॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या वेगाने स्वतःला चालू ठेवतं तो वेग. इंजिनाला शून्यातून जोर काढता येत नाही, त्याला सतत फिरत राहावंच लागतं. त्यातच स्वतःचं घर्षण सोसायचं, ऑइल पंप आणि आल्टरनेटर फिरवायचे, एसी लावला तर कॉम्प्रेसरही ओढायचा. गरम झालेलं साधारण पेट्रोल इंजिन हे सगळं मिनिटाला ७०० ते ९०० फेऱ्यांत भागवतं. सकाळी थंड असताना आकडा हजाराच्या वर असतो आणि काही मिनिटांत उतरतो, तो दोष नव्हे. थोडक्यात आयडल म्हणजे इंजिनाचा पोटापुरता पगार. त्यात कुठेही गळती झाली की लगेच जाणवतं. भरधाव जाताना तीच गळती कळतसुद्धा नाही, कारण तेव्हा आवक भरपूर असते.

म्हणून माझं म्हणणं असं की बिघडलेला आयडल हा आजार नसून ताप आहे. ताप आला की गोळी घेऊन कामावर जाता येतं, पण ताप कशामुळे आला हे कोणीतरी विचारायला नको का?

आता हे वाक्य आलं कुठून? पद्मिनीच्या आणि सुरुवातीच्या मारुती ८०० च्या जमान्यातून. कार्बोरेटरवर दोन स्क्रू असायचे. एक रेसचा, एक मिक्श्चरचा. जेटमध्ये कचरा अडकायचा, हवामान बदलायचं, आणि हवापेट्रोलचं प्रमाण आपोआप सांभाळणारं कोणी नव्हतं. ते काम मेकॅनिकच्या कानाचं. दोन्ही स्क्रू आलटूनपालटून फिरवत, आवाज ऐकत तो गाडी अशी लावायचा की बॉनेटवर ठेवलेलं नाणं पडू नये. तेव्हा स्क्रू फिरवणं हेच औषध होतं.

पुढे २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, आपल्याकडच्या नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि एमपीएफआय आलं. आता आयडल संगणक ठरवतो. पाय काढल्यावर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते आणि इंजिनाला लागेल तेवढी हवा एका छोट्या व्हॉल्व्हमधून, बाजूच्या वाटेने सोडली जाते. अलीकडच्या गाड्यांत तर झडपच मोटरने हवी तेवढी उघडते. एसी लावला की संगणक स्वतःच हवा वाढवतो. जुन्या एमपीएफआय गाड्यांच्या थ्रॉटलवर अजूनही एक स्क्रू दिसतो खरा, पण तो कंपनीत बसवलेला असतो, आयडल वाढवायला ठेवलेला नसतो. तो फिरवला की झडप पूर्ण मिटलीय हे संगणकाला नीट कळत नाही, आणि एकाचे दोन बिघाड होतात.

पण सवय जात नाही. गाडी बदलली, वाक्य तेच राहिलं.

माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो. दहाएक वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. सिग्नलला थांबलं की इंजिन अडखळायचं, काटा खालीवर व्हायचा, कधी बंदही पडायचं. तीन महिन्यांत त्याने प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, आयडलचा व्हॉल्व्ह नवा टाकला. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये उभी असताना गाडी गुणी बाळासारखी चालायची. शेवटी "स्क्रू थोडा वाढवतो, चालून जाईल" इथवर गोष्ट आली. त्याच सुमारास कोणीतरी एका वयस्कर मेकॅनिकचं नाव सांगितलं. चाचांनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला. "साहेब, सिग्नलला उभे असता तेव्हा तुमचा पाय कुठे असतो?"

ब्रेकवर, अर्थातच.

चाचांनी त्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. इंजिन अडखळलं. मग त्यांनी मॅनिफोल्डकडून ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा जाड रबरी पाइप पकडीने हलकेच दाबला, आणि इंजिन सरळ झालं. बूस्टरच्या आतला पडदा फाटला होता. ब्रेक सोडलेला असताना त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूमच असतो, त्यामुळे फाटकं असूनही गळत नाही. ब्रेक दाबला की एका बाजूला बाहेरची हवा येते आणि फाटक्यातून थेट इंजिनात शिरते. गॅरेजमध्ये ब्रेकवर कोणाचाच पाय नव्हता, म्हणून तिथे काही दिसतच नव्हतं. पेडल हल्ली जरा कडक लागतं हे भावाला जाणवलं होतं, पण त्याचा आयडलशी संबंध असेल असं कोणाला वाटेल?

तो स्क्रू वाढवला असता तर गाडी बहुतेक बंद पडायची थांबली असती, आणि बूस्टर फाटत राहिला असता. कसारा घाट उतरताना कधीतरी ते कळलं असतं. म्हणून सुरुवातीला 'धोक्याचं' हा शब्द वापरला.

थोडं लक्ष दिलं तर गाडी बरंच सांगते. काटा एका लयीत वरखाली डोलत असेल तर कुठूनतरी चोरून हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. इंजिन गरम झाल्यावरही आयडल चढाच राहत असेल तर तीच चोरटी हवा, ताणलेली अॅक्सिलरेटर केबल, किंवा "अजून थंडच आहे" असं संगणकाला खोटं सांगणारा कूलंटचा सेन्सर. फक्त एसी लावल्यावर मान टाकत असेल तर थ्रॉटलवरचा कार्बन किंवा तो छोटा व्हॉल्व्ह. काटा स्थिर आहे पण केबिन थरथरतेय, तर एखादा सिलिंडर काम चुकवतोय किंवा इंजिनाचं माउंटिंग गेलंय. तिथे आयडलचा काही दोष नाही. आणि थ्रॉटल साफ केल्यावर किंवा बॅटरी काढून जोडल्यावर काही काळ आयडल वेडावाकडा राहतो, कारण संगणक पुन्हा शिकत असतो. काही गाड्यांत त्याला ते मुद्दाम शिकवावं लागतं.

"आता स्कॅनर आहेत की!" असं कोणी म्हणेल. आहेत, आणि उपयोगीही आहेत. पण पी०१७१ हा कोड एवढंच सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त आहे. हवा कुठून आली, की पेट्रोलच कमी पडतंय, हे तो सांगत नाही. ते शोधायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला वेळ लागतो.

आणि इथेच माझा खरा मुद्दा आहे. आपण त्या वेळेचे पैसे देत नाही. गॅरेजच्या बिलात पार्ट असतात, लेबर असतं, 'शोधलं' याची ओळ नसते. डॉक्टरने तपासून "काही नाही, आराम करा" म्हटलं तरी आपण फी निमूट देतो. पण मेकॅनिकने तासभर खपून फुटका रबरी पाइप शोधला आणि पाइपच्या किमतीवर तासाचे पैसे लावले की "एवढ्याशा पाइपचे इतके?" म्हणून घासाघीस करतो. हजारोंचा व्हॉल्व्ह बदलला की मात्र मुकाट्याने देतो, कारण जुना व्हॉल्व्ह पिशवीत घालून हातात मिळतो. मग मेकॅनिक काय शिकणार? शोधू नको, बदल. आणि बदलायचे पैसेही नसतील तर स्क्रू फिरव.

मेकॅनिकची बाजूही आहे. दारात सहा गाड्या उभ्या, प्रत्येकाला संध्याकाळी हवी. अंदाजाने पार्ट बदलणं कधीकधी खरंच लवकर उरकतं. पण अंदाज चुकला तर त्याचे पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे, हा हिशोब मला पटत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये जाल तेव्हा उपाय सांगू नका, लक्षण सांगा. थंड असताना होतं की गरम, एसीवर की एसीशिवाय, आणि हो, तेव्हा पाय कुठे असतो ते. मग सरळ म्हणा, "दादा, आधी शोधा. शोधायचे वेगळे पैसे देतो." मावसभावाने चाचांना मागितले त्यापेक्षा शंभर रुपये जास्त दिले. चाचांनी ते दोनदा मोजले, त्यांना वाटलं साहेबांची चूक झाली.