जलपर्णी : कचरा कीं खत?

उन्हाळा तोंडावर आला कीं पुण्याजवळच्या नद्यांवर दरसाल एकच देखावा दिसतो. पवना, मुळा, इंद्रायणी यांचें पाणी हिरव्या गालिच्याखालीं दडतें, डांसांनीं कांठचे लोक हैराण होतात, ओरड होते, आणि मग जलपर्णी उपसण्याचा ठेका निघतो. उपसलेला माल पुष्कळदां कांठावरच पडून राहतो व पहिल्या पुरांत पुनः नदींत जातो. करदात्याचा पैसा मात्र परत येत नाहीं!

ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेची. बंगाल्यांतील जलमार्ग व भातशेतें तिनें अशीं व्यापलीं कीं, १९३६ सालीं तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तरी ती हटली नाहीं. अनुकूल पाण्यांत ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचें बीं चिखलांत पंधरा-वीस वर्षें टिकतें. आम्ही स्वतः कायद्याचा व्यवसाय करणारे. पण तण समन्साला हजर होत नाहीं, हें आम्हांस कबूल आहे.

तिचें खत मात्र उत्तम होतें. इंदुरास १९२४ ते १९३१ या काळांत अल्बर्ट हॉवर्ड यांनीं काडीकचरा व शेण यांचे थर रचून खत करण्याची जी रीति बसविली, ती येथेंहि चालते. ओल्या जलपर्णींत शंभरांत सुमारें पंचाण्णव भाग पाणीच असतें. तें गाड्या भरून दूर नेणें म्हणजे पाण्याचें भाडें भरणें होय. यासाठीं ती पूररेषेच्या वर, पण कांठाजवळच सुकवावी, तुकडे करून शेण, माती व वाळल्या पाल्यासह ढीग रचावा आणि वरचेवर उलटावा. ढीग नीट तापला म्हणजे बींहि मरतें.

तिचा चारा करावा, असेंहि कित्येक सुचवितात. स्वच्छ तळ्यांतील जलपर्णी पेंढ्यांत मिसळून थोडी दिल्यास गुरांना चालते. नुसतीच दिल्यास त्यांना हगवण लागते. परंतु आमच्या नद्यांत शहरांचें सांडपाणी येतें, आणि ही वनस्पति पाण्यांतील शिसें, कॅडमियम यांसारखे धातु मुळांत सांठविते. तो चारा गाईला, आणि तिचें दूध आमच्याच मुलांना, हा कोठला शहाणपणा? खतहि तपासल्यावांचून भाजीपाल्याला घालूं नये. शंका असेल तें शोभेच्या झाडांना द्यावें.

म्हणून ठेक्याचें बिल उपशाच्या गाड्यांवर न चुकवितां तपासून उतरलेल्या खताच्या वजनावर चुकवावें, असें आम्ही सुचवितों. अशानें ठेकेदारालाच जलपर्णी वाढावी असें वाटेल, ही शंका खरी आहे. तिला उपाय एकच, तो म्हणजे नदींत मैला सोडणें थांबविणें. तोंपर्यंत रोपवाटिकांचे मालक व व्यापारी यांनीं आपली मागणी पालिकेकडे आगाऊ लेखी नोंदवावी, म्हणजे ‘गिऱ्हाईक नाहीं’ ही सबब तरी पालिकेला सांगतां येणार नाहीं.