पेढीवरील उमेदवारी

शिवोलीहून चोपड्याच्या पुलावरून पेडण्यात शिरणारी वाहतूक पाहिली म्हणजे तालुक्याचा काळ किती झपाट्याने पालटत आहे, हे ध्यानी येते. 5 जानेवारी 2023 पासून मोप्याच्या विमानतळावर विमानांची ये-जा सुरू झाली. शेजारच्या डिचोलीत मात्र 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी थांबल्या व ट्रकच्या फेऱ्यांवर पोसलेल्या अनेक कुटुंबांचा आधार तुटला. एकीकडे नवी कामे, दुसरीकडे रिकामे हात. मध्ये उणीव आहे ती कसबाची.

‘चांगला माणूस मिळत नाही’ ही तक्रार व्यापाऱ्यांच्या प्रत्येक सभेत ऐकू येते. आमचा प्रश्न एवढाच की, तो तयार कोणी करावयाचा? औद्योगिक प्रशिक्षण संस्था विजेचे वा यंत्राचे काम शिकवतील; परंतु तांदळाचा नमुना तळहातावर घेऊन त्यातील कणी व ओल ओळखणे, बारदानाचे वजन वजा करणे, रोजमेळ त्याच दिवशी जुळविणे, वस्तू व सेवा कराचे विवरण मुदतीत भरणे, हे पेढीवर बसूनच अंगी बाणते.

1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा कारखान्यांपुरताच आहे, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः 2019 च्या सुधारित नियमांनुसार 30 वा अधिक माणसांच्या आस्थापनेस उमेदवार घेणे सक्तीचे, तर 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेस ऐच्छिक आहे.

शिकविलेला मुलगा उद्या विमानतळावर किंवा आखातात जाईल, अशी शंका कोणी काढील. जावो बापडा! जैन कुळात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले आणि ‘कमवा व शिका’ हा मार्ग दाखविला. शिकलेला मुलगा पुढे कोणाच्या कामी येईल, याचा हिशेब त्यांनी मांडला नाही.

सबब आमची सविनय सूचना अशी की, प्रत्येक सभासद पेढीने येत्या पाडव्यापासून, जात वा नाते न पाहता, एक स्थानिक मुलगा वा मुलगी वर्षभरासाठी उमेदवार म्हणून घ्यावी. करार लेखी असावा, विद्यावेतन दरमहा मिळावे आणि वर्षाअखेर संघाने परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे. नुसत्या गोणी उचलावयास लावणे ही उमेदवारी नव्हे. उमेदवाराच्या हाती वही आणि तराजू आला पाहिजे.

आहार, औषध, ज्ञान व अभय अशी चार दाने आपल्या धर्माने सांगितली आहेत. पहिल्या दोन दानांत आपला समाज कधी हात आखडून राहिला नाही. तिसरे दान आता पेढीवरून घडावे.