चावीचं घड्याळ घरी जोडताना

सुट्टीत मुलांच्या हाताला काय काम द्यावं, असं अनेक माता-पिता विचारतात. या महिन्यात मी एक हुन्नर सुचवते: जुन्या वळणाचं मनगटी घड्याळ घरीच जोडणं. याला मोठी यंत्रं लागत नाहीत. लागतो तो चांगला उजेड, डोळ्याला लावायचं भिंग, बारीक चिमटा, दोन-तीन बारीक स्क्रू-ड्रायव्हर, पांढरा कागद आणि सब्र.

आपल्या सातारा-सांगली भागात चावीचं घड्याळ म्हणजे बहुतेक घरांत एच.एम.टी. हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना बंगळूरला १९५३ साली निघाला. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने त्यात घड्याळं तयार होऊ लागली. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन ही नावं आपल्या वडिलांच्या पिढीला पाठ होती. लग्नात नवऱ्या मुलाला घड्याळ द्यायची रीत होती, आणि ते मिळालं नाही तर रुसवेफुगवेही होत. पुढे सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आली, मग मोबाइल आला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. कारखाना गेला, पण त्याची यंत्रं अजून कपाटांत आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या पत्र्याच्या डब्यांत पडून आहेत. घरी जोडणी शक्य होते ती त्यामुळेच.

आधी यंत्र समजून घ्या. चावी फिरवली की एका गोल डबीतली स्प्रिंग आवळली जाते. ती सुटताना चाकं फिरवते. चाकं भरकन फिरून स्प्रिंग क्षणात मोकळी होऊ नये म्हणून शेवटच्या चाकाला एक छोटा काटेरी अडसर अडवतो आणि सोडतो. त्या अडसराला ताल देतं ते बॅलन्सचं चाक, जे केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे झुलतं. आपल्याला ऐकू येते ती टिकटिक या अडवण्या-सोडण्याची. जनतासारख्या घड्याळात ती सेकंदाला पाच वेळा होते: तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. घड्याळ दिवसात एक मिनिट पुढे गेलं तर आपण कुरकुरतो. पण हिशेब केला तर ती चूक १,४४० भागांत एका भागाची आहे. मुलांना गुणोत्तर शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

डायलवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असतं. ती कारखान्यात तयार केलेली माणकं. चाकांचे आस जिथे टेकतात तिथे झीज होऊ नये म्हणून ती बसवतात. त्यांना सराफाकडे किंमत नाही.

आता जोडणी. नवशिक्याने यंत्र सुटं करायच्या फंदात पडू नये. दुरुस्तीवाल्याकडून साफ करून, तेल घालून चालू असलेलं यंत्र घ्यावं. त्याच यंत्राला बसणारा डायल निवडावा. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात. ते यंत्राच्या भोकांत अचूक बसले पाहिजेत. मग काटे. तास, मिनिट आणि सेकंद या तिन्ही काट्यांची भोकं वेगवेगळ्या मापाची असतात. तिन्ही काटे बाराच्या आकड्यावर एका रेषेत बसवावेत आणि चावी ओढून बारा तासांचा पूर्ण फेरा हाताने फिरवून पाहावा. काटा काट्याला घासला तर घड्याळ तिथेच थांबतं. शेवटी केस. चावीची दांडी नेहमी थोडी लांब मिळते. ती जरा जरा कापत, बसवून पाहत जावं. कापलेली दांडी पुन्हा वाढत नाही. जुन्या वळणाला प्लॅस्टिकची फुगीर काच शोभते. तिच्यावरचे बारीक चरे थोडी टूथपेस्ट लावून मऊ कापडाने घासले की बरेचसे जातात.

एक इशारा मात्र गंभीरपणे देते. अंधारात चमकणाऱ्या सगळ्या घड्याळांना आपण ‘रेडियमचं घड्याळ’ म्हणतो. आजच्या चमकणाऱ्या रंगांत रेडियम नसतं, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनेक परदेशी घड्याळांत ते खरोखर होतं. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी सारखं करत, आणि त्यातल्या कित्येक जणी जबड्याच्या आणि हाडांच्या आजारांनी दगावल्या. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. म्हणजे चमक विझली तरी विष शिल्लक असतं. असं फार जुनं परदेशी घड्याळ घरात असेल तर ते उघडू नये, त्याचा रंग खरवडू नये, मुलांच्या हाती देऊ नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. सांगलीचा माझा पुतण्या अकरावीत आहे. त्याला घड्याळ जोडायचा नाद लागला. आमच्या अब्बांचं जनता साताऱ्याला अम्मींच्या पेटीत होतं. डायल तपकिरी पडलेला, काच धुरकट. तो म्हणाला, “फुफी, यंत्र चांगलं आहे. नवा डायल टाकतो, उर्दू आकड्यांचा. एकदम झकास होईल.” भाईजानना ते पसंत पडलं. अम्मी काही बोलल्या नाहीत. पेटीची किल्ली मात्र त्यांनी पदराला बांधली.

मी पुतण्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, माणूस गेल्यावर त्याची वस्तू सगळ्या वारसांची होते. त्यात अम्मी आहेत, आम्ही भावंडं आहोत. एकाच्या हौसेसाठी ती उघडायची तर सगळ्यांची रजामंदी हवी, आणि गप्प राहणं म्हणजे रजामंदी नव्हे. दुसरी, त्या डायलवरचे डाग ही अब्बांच्या मनगटावरची वर्षं आहेत. नवा डायल टाकला की यंत्र राहील, अब्बांचं घड्याळ राहणार नाही.

तो दोन दिवस नाराज होता. मग त्याने स्वतःच अम्मींना विचारलं. ठरलं असं की अब्बांचं घड्याळ फक्त साफ करून चालू करायचं, डायल-काटे तेच. आणि त्याने आपलं घड्याळ सुट्या भागांतून नवं जोडायचं. सांगलीतल्या एका वयस्कर दुरुस्तीवाल्या चाचांनी डब्यातून यंत्र काढून दिलं आणि चार रविवार शेजारी बसवून शिकवलं. त्या चाचांच्या हाताखाली आज शिकाऊ कोणी नाही. मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलं म्हणून आजही त्याचं नाव आहे. हा हुन्नरही कोणीतरी शेजारी बसल्याशिवाय पुढे जायचा नाही.

उर्दू आकड्यांबद्दलही थोडं. बाजारात ‘जुनं, दुर्मिळ’ म्हणून विकले जाणारे असे कितीतरी डायल अलीकडे छापलेले असतात. काहींवर उर्दूच्या नावाखाली अरबी वळणाचे चार आणि सहा असतात. उर्दूत ते वेगळे लिहितात. हौसेने असा डायल लावायला हरकत नाही. पण तो कारखान्यातून आलेला असल्याचं सांगून विकणं ही फसवणूक आहे. मालातला ऐब लपवून व्यवहार करू नये, हे आपण मुलांना मकतबात शिकवतो. घड्याळही एक मालच आहे.

म्हणून घरी जोडलेल्या प्रत्येक घड्याळासोबत एक चिठ्ठी ठेवा: यंत्र कुठलं, डायल नवा की जुना, काटे कुठून आले, जोडलं कोणी आणि कोणत्या तारखेला. पुतण्याने तशी चिठ्ठी लिहिली आहे. त्याचं घड्याळ सध्या दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं, तेही त्याने तिच्यात नोंदवलं आहे.