मैदानही एक वर्गच



परीक्षा जवळ आली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "खेळ पुरे, आता अभ्यासाला बस!" आपल्या बेंबळीतही ते ऐकू येते. पुष्कळ शाळांत खेळाचा तास गणिताला दिला जातो. गाण्याचा तास तर वेळापत्रकात नावापुरताच उरतो. मला हे पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

आजचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथील शिक्षण उर्दूतून होते. पाठ्यपुस्तके तयार करण्यासाठी भाषांतराचे खास खाते होते. म्हणजे तुमच्या शाळेची भाषा तेव्हा विद्यापीठाचीही भाषा होती. मुलांच्या घरच्या भाषा मात्र वेगवेगळ्या होत्या. कोणाच्या घरी उर्दू, कोणाच्या घरी मराठी, तर कोणाच्या घरी तेलुगू किंवा कन्नड. अशी मुले एकत्र कोठे येत? वर्गात तर येतच. पण खरी ओळख होई ती वसतिगृहात, नाटकाच्या तालमीत आणि मैदानावर.

याच विद्यापीठात सय्यद अब्दुल रहीम नावाचा एक विद्यार्थी फुटबॉल खेळत असे. पुढे ते शाळेत शिक्षक झाले. नंतर ते भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्तात आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपला संघ चौथा आला. रहीमसाहेबांनी संध्याकाळचा खेळ वाया गेलेला वेळ मानला असता, तर हे घडले असते का?

प्रसिद्ध उर्दू कवी मखदूम मोहिउद्दीन हेही उस्मानियाचेच विद्यार्थी. विद्यार्थी असताना ते कविता करीत, नाटकांत रमत. मित्रांची दाद हीच त्यांची पहिली शाबासकी होती.

पण वसतिगृहातले गाणे म्हणजे नेहमी गंमतच नसते. १९३८ साली तेथील काही विद्यार्थी 'वंदे मातरम्' गाऊ लागले. विद्यापीठाने त्याला मनाई केली. मुलांनी ऐकले नाही, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. बरोबर राहणारे, बरोबर खेळणारे मित्र असे दुरावले. यातून आपण काय शिकावे? कोणाचे गाणे बळाने बंद करू नये आणि कोणाकडून बळाने गाऊन घेऊही नये. एकमेकांचे गाणे ऐकून घेण्याची सवय लहानपणीच लागली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. त्या काळच्या खेळांच्या आठवणींत मुलींची नावे फारशी येत नाहीत. हैदराबादेत मुलींसाठी महाविद्यालय १९२४ मध्येच सुरू झाले होते, तरी मैदान बहुतेक मुलांचेच राहिले. आज ती चूक करण्याचे आपल्याला काही कारण नाही. मैदान जितके भावाचे, तितकेच बहिणीचेही आहे.

कोणी विचारील, "खेळाने आणि गाण्याने पोट भरते का?" प्रत्येकाचे भरत नाही, हे खरे. अभ्यास सोडा, असे मी म्हणत नाही. पण हार पचवणे, चेंडू दुसऱ्याकडे देणे, सुरात सूर मिळवणे हे कोणत्या पुस्तकातून शिकाल?

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. गावातल्या मराठी शाळेतील मुलामुलींना कबड्डीच्या सामन्यासाठी बोलवा. सामना झाल्यावर त्यांना तुमची एखादी गझल ऐकवा आणि त्यांच्याकडून एखादे मराठी गीत शिका. त्या दिवशी जी मराठी तुम्ही बोलाल, ती परीक्षेनंतरही विसरणार नाही.