एका कोपरावर उभा असलेला संघ



मागच्या महिन्यात अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचक ताईंचा मेल आला. मुलगा सोळा वर्षांचा, हायस्कूलच्या बेसबॉल संघात पिचर. नियमित हंगाम संपून बाद फेरीचे सामने सुरू झालेले. "शनिवारी ९५ चेंडू टाकले. आता मंगळवारी पुन्हा सामना आहे. कोपर आतल्या बाजूने दुखतंय, पण कोचना सांगू नकोस म्हणतो. कोचचं म्हणणं, जिंकणारे संघ असेच घडतात. डॉक्टर, बर्फ लावून, एखादी गोळी घेऊन खेळला तर चालेल ना?"

ताई, नाही चालणार. आणि कोचचं ते वाक्यही खरं नाही. वैद्यकीयदृष्ट्या तर नाहीच, खेळाच्या हिशोबानेही नाही. आजचा लेख त्यासाठीच आहे.

आधी थोडी ओळख

बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला गोलंदाज म्हणा. पण एक मोठा फरक आहे. क्रिकेटमध्ये एकाच गोलंदाजाला लागोपाठ दोन षटकं टाकता येत नाहीत. बेसबॉलमध्ये एकच पिचर अख्खा सामना टाकू शकतो, म्हणजे शंभर-सव्वाशे चेंडू, तेही बहुतेक पूर्ण जोर लावून. नियमित हंगामात सामन्यांमध्ये अंतर असतं. बाद फेरीत सामने दाटीवाटीने येतात आणि हरलात की घरी. मग प्रशिक्षकाला मोह होतो: आपला सगळ्यात चांगला मुलगा आहे ना, त्यालाच पुन्हा टाकू दे.

या मोहाचं सगळ्यात मोठं व्यासपीठ जपानमध्ये आहे. तिथली हायस्कूल बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९१५ साली सुरू झाली आणि १९२४ पासून कोशिएन नावाच्या मैदानावर होते. उन्हाळ्यात ४९ संघ, हरला तो बाहेर, सगळे सामने टीव्हीवर. हरलेली मुलं रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरून नेतात. हे सगळं बघायला फार हृद्य वाटतं. पण डॉक्टर म्हणून मी तिथे कोपर बघतो.

कोपरात नेमकं काय होतं?

कोपराच्या आतल्या बाजूला एक मजबूत पट्टा असतो. दंडाचं हाड आणि हाताचं हाड तो एकत्र धरून ठेवतो. त्याला अस्थिबंध म्हणजे लिगामेंट म्हणतात. चेंडू जोरात फेकताना हात मागे जातो आणि झटक्यात पुढे येतो. त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहतं. प्रयोगशाळेतली मोजमापं सांगतात की या एका क्षणाचा ताण लिगामेंटला एकट्याने पेलण्यासारखा नसतो. हाताचे स्नायू त्यातला मोठा वाटा उचलतात, म्हणून पट्टा टिकतो.

आता विचार करा. ऐंशी-नव्वद चेंडूंनंतर स्नायू थकले, की तो वाटा कोण उचलणार? तोच पट्टा. त्यात सूक्ष्म चिरा पडतात. विश्रांती मिळाली तर त्या भरून येतात. पण लिगामेंटला रक्तपुरवठा कमी, म्हणून हे काम सावकाश चालतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर चेंडू टाकले, तर कालची चीर भरायच्या आत आज नवी पडते.

वाढीच्या वयातल्या मुलांत आणखी एक कमजोर जागा असते. हाडाच्या टोकाला जी वाढीची पट्टी असते, ती कोपराच्या आतल्या बाजूला साधारण १५ ते १७ वर्षांपर्यंत पुरती जुळलेली नसते. ती खेचली जाऊन हाडाचा तुकडा सुटूही शकतो.

२००६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया करावी लागलेल्या ९५ किशोर पिचरांची तुलना दुखापत न झालेल्या ४५ मुलांशी केली होती. थकवा असूनही नेहमी टाकत राहणाऱ्या मुलांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट निघाली. सामन्यात सरासरी ८० हून जास्त चेंडू टाकणाऱ्यांत जवळपास चौपट, वर्षातले आठ महिन्यांहून जास्त टाकणाऱ्यांत पाचपट. एकाच अभ्यासातला आकडा ब्रह्मवाक्य मानू नये, हे मी नेहमी सांगतो. पण दिशा स्पष्ट आहे: थकलेला हात सगळ्यात धोक्याचा.

"पण असेच संघ जिंकतात ना?"

आता कोचच्या वाक्याकडे वळू. जपानच्या इतिहासात त्यांच्या बाजूचे पुरावे आहेत, ते मी लपवणार नाही. १९९८ मध्ये योकोहामा हायस्कूलच्या दाइसुके मात्सुझाकाने उपांत्यपूर्व फेरीत १७ इनिंगमध्ये २५० चेंडू टाकले. दुसऱ्या दिवशी शेवटच्या इनिंगला पुन्हा आला आणि त्याच्या पुढच्या दिवशी अंतिम सामन्यात एकही हिट न देता संघाला जिंकून दिलं. २००६ मध्ये युकी साइतोने एका स्पर्धेत ९४८ चेंडू टाकून विजेतेपद मिळवलं. या गोष्टी जपानमध्ये लहान मुलालाही पाठ असतात.

आता दुसरी यादी बघा. ती कुणी पाठ करत नाही.

१९९१, ओकिनावा सुइसान हायस्कूल. पिचर रिन ओनोने सहा सामन्यांत ७७३ चेंडू टाकले. अंतिम सामना ८-१३ असा हरले. त्याचं कोपर असं निकामी झालं की तो पुन्हा पिचर म्हणून उभा राहिला नाही. पुढे व्यावसायिक खेळाडू झाला, पण क्षेत्ररक्षक म्हणून.

२०१३, साइबी हायस्कूल. सोळा वर्षांच्या तोमोहिरो आनराकूने वसंत ऋतूतल्या स्पर्धेत पाच सामन्यांत ७७२ चेंडू टाकले. अंतिम सामना १-१७ असा हरले.

२०१८, कानाआशी नोग्यो, एक सरकारी कृषी हायस्कूल. कोसेइ योशिदाने स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले. अख्खा देश त्याच्या प्रेमात पडला. अंतिम सामन्यात पाच इनिंगनंतर त्याला थांबावं लागलं. निकाल २-१३.

८-१३, १-१७, २-१३. हे आकडे नीट बघा. एका मुलाच्या हातावर अंतिम फेरी गाठलेले हे संघ तिथे निसटते हरले नाहीत, कोसळले. समोरचे संघ चांगले होते, हे खरंच. पण ज्या हाताच्या भरवशावर यायचं, तो हात सगळ्यात महत्त्वाच्या दिवशी संपलेला असतो. बाद फेरीची रचनाच अशी आहे की सगळ्यात कठीण प्रतिस्पर्धी शेवटी भेटतो आणि तेव्हाच तुमचा एकुलता एक पिचर सगळ्यात जास्त थकलेला असतो. याला डावपेच म्हणत नाहीत, याला जुगार म्हणतात. जुगारात कधी मात्सुझाका निघतो. ज्यांचा पत्ता लागत नाही, त्यांची नावं आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

मग सातत्याने वर कोण राहतं? योशिदाला हरवणाऱ्या ओसाका तोइन संघाकडे २०१८ मध्ये तीन दमदार पिचर होते. २०२२ मध्ये सेंदाई इकुएइ संघाने पाच पिचरांमध्ये भार वाटून स्पर्धा जिंकली. ईशान्य जपानच्या तोहोकु भागाला शंभरहून अधिक वर्षांत मिळालेलं ते पहिलं विजेतेपद. आणि पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, तोच संघ पुन्हा अंतिम फेरीत होता. सातत्य म्हणतात ते हे. एखादा मुलगा शाळा सोडून गेला की संपणारं यश म्हणजे सातत्य नाही.

काही आक्षेप आणि माझी उत्तरं

"मुलालाच टाकायचं असतं." असतंच. सोळा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर, गावासमोर "मी थकलो" म्हणणं जमत नाही. म्हणून तर तिथे मोठी माणसं असतात. मधुमेहाच्या रुग्णाला जिलेबी हवी असते म्हणून मी ती लिहून देत नाही.

"पूर्वीची मुलं टाकायचीच की." टाकायची, आणि त्यातली जी टिकली तीच आपल्याला दिसतात. मात्सुझाकालाही २०११ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली. त्याचं कारण १९९८ चेच चेंडू होते असं मी म्हणणार नाही, एका माणसावरून ते सिद्ध होत नाही. पण एका माणसावरून "काही होत नाही" हेसुद्धा सिद्ध होत नाही.

"शस्त्रक्रिया आहे की." आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली. शरीरातलाच दुसरा कंडरा घेऊन नवा पट्टा बसवतात. परत मैदानावर यायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं आणि सगळेच पूर्वीसारखे परततात असंही नाही. व्यावसायिक खेळाडूंसाठी शोधलेली ही शस्त्रक्रिया. २००७ ते २०११ या काळातल्या अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदी तपासल्या, तर ही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रुग्ण १५ ते १९ वयाचे निघाले. याची मला डॉक्टर म्हणून लाज वाटते.

"लहान शाळांनी पाच पिचर कुठून आणायचे?" हा आक्षेप मात्र खरा आहे. ओसाका तोइन आणि सेंदाई इकुएइ या खासगी शाळा आहेत, चांगली मुलं तिकडे ओढली जातात. कानाआशी नोग्योला ती सोय नव्हती. चेंडूंवर मर्यादा घातली की छोट्या शाळेचं नुकसान जास्त होतं, हे मी मान्य करतो. पण त्याची किंमत त्या शाळेतल्या एका मुलाने कोपर देऊन का चुकवावी? न्याय हवा असेल तर सामन्यांमधले दिवस वाढवा. हंगामाच्या सुरुवातीपासून तीन-चार मुलांना फेकायला शिकवा, हरायची भीती नसलेल्या सामन्यांत त्यांना टाकू द्या. बाद फेरीच्या आदल्या रात्री दुसरा पिचर जन्माला येत नाही, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये घडवावा लागतो.

"नियम आहेत ना आता." आहेत, पण पुरेसे आहेत का? जपानने २०२० पासून एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घातली. अमेरिकेतल्या 'पिच स्मार्ट' या मार्गदर्शक सूचना १७-१८ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त १०५ चेंडू देतात आणि ८० च्या वर टाकले तर चार दिवस विश्रांती सांगतात. या हिशोबाने आठवड्यात दोन पूर्ण सामने टाकले तर होतात २१०. पाचशे म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त! अमेरिकेत २०१७ पासून प्रत्येक राज्याच्या हायस्कूल संघटनेला चेंडूंची मर्यादा ठरवणं बंधनकारक झालं, पण आकडा ज्याचा त्याचा. शिवाय शाळेबाहेरच्या क्लबमध्ये टाकलेले चेंडू बऱ्याचदा कुणीच मोजत नाही. नियम ही कमाल मर्यादा असते, रोजचा डोस नव्हे.

एका प्रशिक्षकाचा "नाही"

२०१९ मध्ये जपानमधल्या ओफुनातो या सरकारी हायस्कूलकडे रोकी सासाकी होता. हायस्कूलमध्येच ताशी १६३ किलोमीटर वेगाने टाकणारा. जिल्हा पातळीवरच्या एका सामन्यात त्याने १९४ चेंडू टाकले होते. तीन दिवसांनी उपांत्य फेरीत १२९ टाकले. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना होता, जिंकले तर थेट कोशिएन. प्रशिक्षकांनी त्याला खेळवलंच नाही. संघ २-१२ असा हरला. शाळेत संतापाचे फोन आले, देशभर वाद झाला.

१० एप्रिल २०२२ रोजी वीस वर्षांच्या सासाकीने व्यावसायिक लीगमध्ये 'परफेक्ट गेम' टाकला, म्हणजे समोरचा एकही फलंदाज तळावर पोहोचला नाही. त्यातले १९ जण त्याने स्ट्राइकआऊट केले. आज तो अमेरिकेत खेळतो. २०२५ मध्ये त्यालाही खांद्याच्या त्रासाने बाहेर बसावं लागलं. हात जपला म्हणजे दुखापत होणारच नाही अशी हमी नाही. पण सतराव्या वर्षी तो निर्णय त्याच्या वतीने एका मोठ्या माणसाने घेतला आणि शिव्या खाल्ल्या. माझ्या मते चांगला प्रशिक्षक ओळखायची हीच खूण आहे. माझी तक्रार इतकीच की आधीचे १९४ चेंडूही थांबवायला हवे होते.

पालकांनी काय करावं?

- मुलाने किती चेंडू टाकले याची वही स्वतः ठेवा. शाळा, क्लब, सराव सगळं धरून.
- वर्षातले निदान चार महिने फेकण्यापासून सुट्टी, त्यात दोन-तीन महिने सलग.
- कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं, वेग किंवा अचूकता अचानक घटणं, करंगळीला मुंग्या येणं, हात पूर्ण सरळ न होणं: यातलं एकही दिसलं तर फेकणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.
- वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरवू नका. दुखणं ही धोक्याची घंटा आहे, गोळीने फक्त घंटेचा आवाज बंद होतो.
- संघ निवडताना कोचना एकच प्रश्न विचारा: "तुमच्याकडे पिचर किती?" उत्तर "एक, पण जबरदस्त" असं आलं तर सावध व्हा.

हे वाचून "आमचा मुलगा तर क्रिकेट खेळतो" म्हणणाऱ्या पालकांनाही एक शब्द. वाढीच्या वयातल्या वेगवान गोलंदाजांत अति गोलंदाजीने कंबरेच्या मणक्याला बारीक तडा जातो. सांधा वेगळा, पण चूक तीच.

ताई, मंगळवारी त्याला खेळवू नका. संघ हरला तर हरू दे. एक सोळा वर्षांचा मुलगा बसला म्हणून जो संघ हरतो, तो संघ आधीच कमकुवत होता. ती कमतरता भरून काढायचं काम कोचचं आहे, तुमच्या मुलाच्या कोपराचं नाही.