लॉ कॉलेजचे सर तासावर, गावाची केस तारखेवर

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये तीन वर्षांसाठी नवीन लॉ कॉलेजांना ब्रेक लावला. काही अपवाद सोडले तर नवीन कॉलेज नाही, आणि जुन्या कॉलेजांनाही विचारल्याशिवाय नवा कोर्स किंवा वाढीव तुकडी नाही. गल्लोगल्ली उघडलेली निकृष्ट कॉलेजं आणि पात्र प्राध्यापकांची कमतरता, ही कारणं कौन्सिलनेच दिली आहेत.

आता कुणी म्हणेल, लॉ कॉलेजच्या प्राध्यापकांशी कास्तकाराचं काय देणंघेणं? देणंघेणं आहे. धुऱ्याचा वाद असो, फेरफार अडलेला असो की वनहक्काचा दावा, तालुका कोर्टात आपल्या बाजूने उभा राहतो तो वकील बहुतेक वेळा जवळपासच्याच लॉ कॉलेजातून शिकून आलेला असतो. त्याला शिकवणारे सर कच्चे किंवा घाईत असतील तर त्याचा भुर्दंड पक्षकाराला पडतो.

प्राध्यापक होतो कसा?

आधी एलएल.बी., मग एलएल.एम. किमान ५५ टक्क्यांनी (राखीव प्रवर्गाला ५० टक्के), आणि वरून नेट किंवा सेट. बारावीनंतर धरलं तर सात वर्षं कॉलेजातच जातात. एवढं करून पूर्णवेळ नोकरी लागली तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगारच ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो. पण पूर्णवेळ जागा निघतात कमी, आणि निघालेली भरती रखडते. विनाअनुदानित कॉलेजात तर पगार संस्थेच्या मर्जीवर.

मग उरतं ते तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. सुट्टी लागली की मिळकत बंद, जूनमध्ये परत अर्ज, परत मुलाखत. यूजीसीने २०१९ मध्ये अशा शिक्षकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सांगितला होता. प्रत्यक्षात हातात किती पडतात, हे तासिकेवरच्या कुठल्याही सरांना विचारून बघा.

सकाळी वर्ग, अकराला कोर्ट

दुसरा रस्ता वकिली करून शिकवण्याचा. नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. मात्र १९७९ च्या नियमांनी वकिलाला दिवसातले तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी वकीलच सकाळी वर्ग घेतात आणि अकराला कोर्टात हजर होतात.

यात चांगलंही आहे. उलटतपासणी कशी घ्यायची, जामिनाचा अर्ज कसा लिहायचा, हे रोज कोर्टात उभा राहणारा माणूसच नीट सांगू शकतो. पण मोठी केस लागली की पहिला बळी वर्गाचा जातो. पोरं गाईड घेऊन पास होतात, पुढे बारची परीक्षाही काढतात, आणि पहिला दिवाणी दावा मात्र आपल्या सातबाऱ्यावर शिकतात.

त्यात १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले. खुनाची तीनशे दोन आता १०३ झाली, फसवणुकीची चारशे वीस ३१८ मध्ये गेली. आयपीसीची ५११ कलमं होती, भारतीय न्याय संहितेत ३५८ आहेत. वर्षानुवर्षं शिकवलेले नोट्स शिक्षकांना बाजूला ठेवावे लागले. नवीन तयारीला वेळ लागतो, आणि तासिकेवर तयारीचे पैसे मिळत नाहीत.

वडसा विसरून चालणार नाही

कायद्याचा शिक्षक काय करू शकतो, याचं उदाहरण लांब शोधायची गरज नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, यावर कोर्टाने बोट ठेवलं होतं.

एका वर्षाने, सप्टेंबर १९७९ मध्ये, दिल्ली आणि पुणे विद्यापीठातल्या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार ही ती चार नावं. पोलीस ठाण्यात गरिबाघरची पोर गप्प राहिली म्हणजे तिची संमती होती काय, असा त्यांचा सवाल होता. कोर्टाने निकाल बदलला नाही. पण पत्राने देश हलला, बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असं कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. हे तत्त्व नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे.

ज्या शिक्षकाला जूनमध्ये परत तास मिळतील की नाही याचीच धास्ती आहे, तो सुप्रीम कोर्टाला तर सोडाच, संस्थाचालकाला तरी पत्र लिहील काय?

तीन वर्षांत करायचं काय

नवीन कॉलेजं थांबवणं ही अर्धीच गोष्ट झाली. आहेत त्या कॉलेजांत पूर्णवेळ जागा भरल्या नाहीत तर तीन वर्षांनी चित्र तेच राहील. तपासणीच्या दिवशी कागदावरचे प्राध्यापक मोजण्यापेक्षा, वर्षभर वर्गावर कोण आलं हे बघायला पाहिजे.

पालकांच्याही हातात काही आहे. पोराला किंवा पोरीला लॉ ला टाकण्याआधी तीन गोष्टी विचारा. बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे काय? पूर्णवेळ प्राध्यापक किती, आणि त्यांची नावं काय? कायदेविषयक मदत केंद्र खरंच चालतं काय? हे केंद्र प्रत्येक लॉ कॉलेजला बंधनकारक आहे. ते नीट चाललं तर शिक्षक पोरांना घेऊन गावात येतात, गावाला सल्ला मिळतो आणि पोरांना खरी केस बघायला मिळते. ग्रामसभेने कॉलेजला पत्र देऊन असं शिबिर मागायला काहीच हरकत नाही.

तोवर अडलेल्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावं किंवा १५१०० वर फोन करावा. महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तो वकीलही कुठल्या तरी लॉ कॉलेजातूनच आलेला असतो. म्हणून तिथल्या सरांचा प्रश्न हा आपलाही प्रश्न आहे.